राउटरचं पान उघडताना लाल इशारा आला तर: पुढे जावं की परतावं?

गोव्यात राउटरच्या आत डोकवायची वेळ साधारण दोनदा येते. एकदा जूनच्या तोंडावर, गडगडाटात लाईट दहा वेळा येऊन-जाऊन डबा रुसतो किंवा जळून नवा बसवावा लागतो तेव्हा. दुसऱ्यांदा चवथीच्या आधी, कारण मुंबई-पुण्याची माणसं दारात चपला काढता काढताच वायफायचा पासवर्ड मागणार हे ठाऊक असतं. केबलवाल्याला फोन केला की तो घाईत सांगतो, "ब्राउझरात एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक टाका आणि आत जा." आपण टाकतो आणि समोर लाल त्रिकोण येतो: 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. खाली असंही लिहिलेलं असतं की कोणीतरी तुमचे पासवर्ड चोरायच्या खटपटीत असू शकतं.

इथे काही जण घाबरून ब्राउझर बंद करतात, आणि राउटरचा पासवर्ड वर्षानुवर्षं 'ॲडमिन'च राहतो. काही जण एक अक्षर न वाचता पुढे जातात, आणि हीच सवय उद्या बँकेच्या पानावरही घेऊन जातात. माझ्या मते ही दुसरी सवय जास्त महागात पडते. खरं तर हा इशारा कसा वाचायचा हे एकदा कळलं की पाच मिनिटांचं काम आहे. इशारा कुठल्या पत्त्यावर आलाय ते आधी पाहायचं, तो काय म्हणतोय ते त्यानंतर.

ब्राउझरची तक्रार नेमकी काय असते

एचटीटीपीएसचं पान उघडताना दोन गोष्टी होतात. तुमच्या आणि समोरच्याच्या बोलण्याला कुलूप लागतं आणि समोरचा कोण आहे याची ओळख पटवली जाते. ओळख पटते ती सर्टिफिकेटवरून, आणि त्या सर्टिफिकेटवर ब्राउझरच्या ओळखीच्या एखाद्या संस्थेची सही लागते. राउटरने मात्र आपलं सर्टिफिकेट आपणच बनवलेलं असतं आणि सहीही आपणच ठोकलेली असते. कोणी घरच्या वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने ओळखपत्र लिहून आणावं, तसला हा प्रकार. माणूस खरा असेलही, पण काउंटरवरचा कारकून तो कागद घेणार नाही.

मग राउटर बनवणाऱ्यांनी रीतसर सर्टिफिकेट का घेतलं नाही? त्या पत्त्यासाठी ते मिळतच नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवले. म्हणून १९२.१६८.१.१ हा पत्ता फोंड्यातल्या घरात असतो, काणकोणातल्या दुकानात असतो आणि जपानातल्या कुठल्याशा फ्लॅटमध्येही असतो. जो पत्ता कोणा एकाच्या मालकीचा नाही, त्याचा दाखला द्यायचा कोणाला? सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने अशा अंतर्गत पत्त्यांना सर्टिफिकेट देणं बंद करायचं ठरवलं आणि उरलीसुरली जुनी सर्टिफिकेटं ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायला लावली.

थोडक्यात ब्राउझर एवढंच म्हणतोय: कुलूप लागलंय, पण पलीकडे कोण बसलंय ते मला ठाऊक नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वायफायवर पलीकडे कोण आहे हे तुम्ही स्वतः खात्री करून घेऊ शकता. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

त्याआधी एक उलटी गोष्ट ध्यानात घ्या. बऱ्याच जुन्या राउटरांचं पान साध्या एचटीटीपीवर चालतं. तिथे लाल पान येत नाही, पत्त्याशेजारी फक्त बारीक अक्षरात 'नॉट सिक्युअर' दिसतं. (क्रोमने जुलै २०१८ पासून सगळ्याच एचटीटीपी पानांवर हा शिक्का मारायला सुरुवात केली.) दिसायला हा प्रकार सौम्य, पण तिथे कुलूपच नसतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड त्याच जाळ्यात शिरलेल्या जाणकार माणसाला वाचता येऊ शकतो. म्हणजे भीतीदायक लाल पानामागचा राउटर हा गपचूप उघडणाऱ्या राउटरपेक्षा बऱ्याचदा बरा असतो. घरात नवरा-बायको, आई आणि दोन मुलं असतील तर याने फार बिघडत नाही. पण मोरजी-हरमलला खोल्या भाड्याने देत असाल आणि दर आठवड्याला नवी अनोळखी माणसं त्याच वायफायवर येत असतील, तर बिघडतं.

पायरी पहिली: आपण आपल्याच वायफायवर आहोत ना?

मोबाईलवरून करत असाल तर मोबाईल डेटा आधी बंद करा. लाईन बंद पडलेली असते तेव्हा वायफाय जोडलेलं दिसतं, पण फोन 'इथे इंटरनेट नाही' असं ठरवून परस्पर डेटाकडे वळतो आणि राउटरचं पान काही केल्या उघडत नाही. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) चालू असेल तर तेही बंद करा. शेजाऱ्याचं वायफाय फोनला आपोआप जोडलं गेलेलं नाही ना, हेही पाहा. वाड्यावर घरं लागून असली की असं सर्रास होतं. जमलं तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, सगळ्यात निर्धास्त मार्ग तोच.

पायरी दुसरी: पत्ता ऐकीव नको, स्वतः बघा

केबलवाल्याने सांगितलेला पत्ता बरोबर असेलच असं नाही. १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.०.१ हे नेहमीचे, जिओच्या फायबर डब्यात १९२.१६८.२९.१ असतो. तुमचा कुठला, ते तुमचंच यंत्र सांगतं.

विंडोजवर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' लिहा (इंग्रजी अक्षरांत, सलग) आणि 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीसमोरचा आकडा टिपून घ्या. आयफोनवर सेटिंगमध्ये वायफायच्या नावाशेजारच्या गोल 'आय' वर टिचकी मारली की खाली 'राउटर' अशी ओळ दिसते. अँड्रॉइडवर वायफायच्या नावाशेजारच्या चाकाच्या खुणेत 'गेटवे' शोधा. कंपनीगणिक जागा बदलते, पण तो तिथेच कुठेतरी असतो.

हा आकडा वर सांगितलेल्या तीन खाजगी गटांपैकी एकात बसला पाहिजे. बसत नसेल तर तिथेच थांबा.

पायरी तिसरी: पत्ता पत्त्याच्या पट्टीतच लिहा

हे सांगायला नको असं वाटतं, पण निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. आकडे गुगलच्या चौकटीत टाकले की 'राउटर लॉगिन' नावाची ढीगभर पानं समोर येतात. त्यातली काही नुसती जाहिरातींची, काहींवर 'मदतीसाठी फोन करा' असा नंबर. तुमच्या राउटरचं पान या जन्मात गुगलवर सापडणार नाही, कारण ते इंटरनेटवर नाहीच, ते तुमच्या हॉलमधल्या डब्यात आहे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत सरळ आकडे लिहून एंटर दाबा. कीबोर्ड मराठीवर असेल तर तो इंग्रजीवर आणा, देवनागरी अंक तिथे चालत नाहीत.

काही राउटरांच्या तळाशी आकड्यांऐवजी वेबसाइटसारखं एखादं नाव छापलेलं असतं. ते नाव तुमच्या राउटरमधून जाताना राउटर स्वतःच ओळखतो, पण चुकून मोबाईल डेटावरून टाकलं तर ते खऱ्या इंटरनेटवर जातं आणि तिथे ते नाव ज्याच्या हाती असेल त्याचं पान उघडतं. टीपी-लिंकने आपल्या राउटरांवर छापलेलं असं एक नाव वेळेवर नूतनीकरण न केल्यामुळे कंपनीच्या हातून गेलं, हे २०१६ साली उघडकीला आलं. म्हणून माझं मत विचाराल तर नाव सोडा, आकडेच वापरा.

पायरी चौथी: इशाऱ्याचं बारीक अक्षर वाचा

लाल पानावर खाली इंग्रजीत, सगळ्या कॅपिटल अक्षरांत एक लांबलचक कोड असतो. लोक नेमकं तेवढंच वाचायचं सोडतात, आणि कामाची माहिती असते तीच.

कोडमध्ये 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' असेल, किंवा फायरफॉक्सवर 'सेल्फ साइन्ड' वा 'अननोन इश्युअर' असेल, तर राउटरने स्वतः सही केलेल्या सर्टिफिकेटचा हा नेहमीचा मामला. आपल्या राउटरवर हे अपेक्षितच आहे. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' म्हणजे सर्टिफिकेटवरचं नाव आणि तुम्ही टाकलेला पत्ता जुळत नाहीत, राउटरच्या बाबतीत हेही चालतं.

'डेट इनव्हॅलिड' आला तर आधी तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळाकडे पाहा. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी मेली असली की तारीख भलत्याच सालात जाऊन बसते, आणि मग राउटरच काय, निम्मी वेबसाइटं बोंब मारू लागतात. तारीख दुरुस्त केली की बाकीचं आपोआप निवळतं. तारीख बरोबर असूनही राउटरवर हा कोड येत असेल तर त्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते, किंवा ते बनवलं गेलं तेव्हा राउटरचंच घड्याळ चुकलेलं असतं. बऱ्याच घरगुती राउटरांत घड्याळाला बॅटरी नसते. लाईट गेली की त्यांची तारीख थेट १९७० वर जाते आणि इंटरनेट मिळाल्यावरच ताळ्यावर येते. पावसाळ्यातल्या आपल्या लाईटीची तऱ्हा पाहता हे वारंवार होणारच. अशा वेळी राउटर चालू करून थोडा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

'व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच' हा कोड मात्र वेगळ्या जातीचा. राउटर इतका जुना की त्याचं कुलूप नव्या ब्राउझरला मान्यच नाही. टीएलएस म्हणजे हे कुलूप लावायची पद्धत, तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मोठ्या ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास बाद केल्या. इथे पुढे जायचं बटण मिळेलच असं नाही. इंटरनेटवर 'जुना ब्राउझर डाऊनलोड करा' असा सल्ला सापडेल, तो घेऊ नका. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं मिळतंय का पाहा, मिळत नसेल तर त्या डब्याची सेवानिवृत्तीची वेळ झाली.

पान उघडतच नसेल, 'रिफ्यूज्ड' असं काही येत असेल, तर कदाचित ब्राउझर हट्टाने एचटीटीपीएसवर जातोय आणि राउटरला फक्त एचटीटीपी येतं. पत्त्याआधी एचटीटीपी, विसर्गासारखे दोन टिंब आणि दोन तिरप्या रेघा असं पूर्ण लिहून पाहा. फायरफॉक्समध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली' मोड चालू असेल तर तो मध्ये एक पान दाखवतो, त्यावरून पुढे जाता येतं.

पायरी पाचवी: आता पुढे जा

वायफाय आपलं, पत्ता गेटवेशी अंकन् अंक जुळणारा, कोड नेहमीचा. तिन्ही जमलं असेल तर क्रोममध्ये 'ॲडव्हान्स्ड' दाबा आणि खाली येणाऱ्या 'प्रोसीड टू' या ओळीवर टिचकी मारा. त्यात तोच पत्ता आणि कंसात 'अनसेफ' लिहिलेलं असेल. एजवर 'प्रोसीड' च्या जागी 'कंटिन्यू' असतं. फायरफॉक्सवर 'ॲडव्हान्स्ड' नंतर 'ॲक्सेप्ट द रिस्क अँड कंटिन्यू'. सफारीवर 'शो डिटेल्स' आणि मग शेवटच्या ओळीतला 'व्हिजिट धिस वेबसाइट'.

उघडलेल्या पानावर राउटरच्या कंपनीचं नाव किंवा मॉडेल असेल. डबा उलटा करून तळाच्या स्टिकरवरच्या मॉडेलशी ताडून पाहा. युजरनेम-पासवर्डही तिथेच छापलेला असतो. दमटपणाने या स्टिकरची अक्षरं हळूहळू उडतात, समुद्राकाठच्या घरांत तर लवकरच. म्हणून हातात डबा आहे तोवर त्याचा फोटो काढून ठेवा. शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि छोटा 'एल' यांचा घोळ फोटो मोठा करून पाहिला की सुटतो.

पासवर्ड लागत नसेल तर पाठीमागच्या बारीक छिद्रात पिन घालून रीसेट करायचा मोह होतो. फायबरच्या डब्यावर हे परस्पर करू नका. त्यात केबलवाल्याने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते आणि मग तो येईपर्यंत घर इंटरनेटविना. चवथीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको.

चिऱ्याच्या घरात दोन राउटर

जुन्या चिऱ्याच्या भिंतींतून वायफाय पलीकडे जात नाही, म्हणून मागच्या खोलीत किंवा माडीवर दुसरा राउटर लावलेला असतो. इथे नव्या माणसाचा गोंधळ ठरलेला. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर (म्हणजे पहिल्याचंच वायफाय पुढे पसरवायला) टाकला की त्याला साधारणपणे पहिल्याकडून नवा पत्ता मिळतो. स्टिकरवरचा पत्ता मग लागू पडत नाही, आणि कधी कधी तोच पत्ता पहिल्या राउटरचा असल्याने भलतंच लॉगिन पान समोर येतं. पासवर्ड चुकीचा म्हणून आपण डोकं आपटत बसतो. पानावरचं नाव आणि हातातला डबा जुळतोय का, एवढं पाहिलं की उलगडा होतो. दुसऱ्याचा नवा पत्ता पहिल्याच्या पानावर, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडतो. आणि हो, त्या नव्या पत्त्यावर पुन्हा लाल इशारा येईल. ब्राउझर प्रत्येक पत्त्याचा हिशोब वेगळा ठेवतो.

आत गेल्यावर

पासवर्ड दोन असतात हे आधी स्वच्छ करून घ्या. एक वायफायचा, जो पाहुण्यांना देतो. दुसरा राउटरच्या या पानाचा, जो कोणालाच द्यायचा नसतो. लोक पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच सोडतात. आधी दुसरा बदला, आणि दोन्ही एकच ठेवू नका.

मग 'रिमोट मॅनेजमेंट' बंद आहे ना पाहा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून कोणाला हे पान उघडता येणार नाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा छोट्या आकडी कोडने वायफाय जोडायची सोय, बंद करा. पान एचटीटीपीवर चालत असेल आणि एचटीटीपीएसची सोय असेल तर ती चालू करा. लाल इशारा येऊ लागेल, येऊ दे. काही सेटिंग केबलवाल्याने कुलूपबंद केलेली असतात, त्यासाठी त्यालाच सांगावं लागतं.

डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचे) आकडे एकदा पाहून फोटो काढून ठेवा. हे बदलले की तुम्ही बरोबर नाव टाकूनही भलत्याच ठिकाणी पोचू शकता. 'डीएनएस चेंजर' नावाच्या व्हायरसने नेमकं हेच केलं होतं. काही ठिकाणी तो कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेल्या राउटरांत शिरून हे आकडे बदलायचा. एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये त्या टोळीचं बिंग फोडलं तेव्हा शंभरहून जास्त देशांतले सुमारे ४० लाख संगणक त्यात अडकलेले होते.

खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी 'गेस्ट नेटवर्क' चालू करून पाहुण्यांना फक्त तेच द्यावं. बहुतेक राउटरांत तिथून सेटिंगचं पान उघडता येत नाही. झाल्यावर स्वतः तपासा: फोन गेस्टवर जोडा आणि पत्ता टाकून पाहा.

काम झालं की लॉगआउट करा.

कुठे पुढे जायचं नाही

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, हॉटेलात, बसस्टँडवर फुकटच्या वायफायला जोडल्यावर लाल इशारा आला, तर तिथला राउटर तुमचा नाही, सर्टिफिकेटची खातरजमा करायचा काही मार्ग नाही. परता.

बँक, ईमेल, सरकारी पोर्टल, खरेदीची साइट, इथे हा इशारा आला तर कारण काहीही असो, पुढे जायचं नाही. बऱ्याच मोठ्या साइटांवर ब्राउझर पुढे जायचं बटणच काढून घेतो. ते कसं मिळवावं याच्या युक्त्या शोधू नका. घरच्या वायफायवर असं होत असेल तर मोबाईल डेटावर तीच साइट उघडून पाहा. डेटावर नीट उघडली आणि वायफायवर नाही, तर संशय राउटरच्या डीएनएसवर घ्या आणि मघाच्या फोटोशी आकडे ताडा.

'तुमच्या राउटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं सांगणारं पान ब्राउझरचं नसतंच. ब्राउझरच्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो.

आणि एखाद्या चुकीच्या पानावर राउटरचा पासवर्ड टाकला गेला असेल, तर केबलने जोडून लगेच बदला. बँकेची माहिती गेली असेल तर आधी बँकेला कळवून व्यवहार थांबवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात का, हे पहिल्या काही तासांवरच ठरतं, त्यामुळे 'उद्या बघू' म्हणू नका.